स्टँड नव्हता का?

देवतळे भुतांना झापतात. सकाळी मी खाली चहाबरोबर पेपर उघडतो आणि वरच्या मजल्यावरून आवाज येतो, "पाय कुठे आहेत तुझे? आधी जमिनीवर टेकव." नवीन दूधवाल्याने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला वाटलं, वर कुणाला तरी मारहाण चालली आहे. मी त्याला समजावलं की वर आमचे भाडेकरू एकटेच राहतात आणि ते ज्याला बोलतायत ते भूत आहे. तेव्हापासून तो आमचं दूध कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवून जातो.

प्रभाकर देवतळे मूळचे वर्ध्याचे, पण उभं आयुष्य भोपाळात गेलं. त्यांची बायको सुमन आणि मी कारखान्यात एकाच ऑफिसात होतो. कारखान्याचा क्वार्टर सुमनच्या नावावर होता आणि त्याच्या मागच्या खोलीत देवतळे लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायचे. मिक्सिंग म्हणजे नवरीच्या डोक्यावर गुलाब पाडायचे, नवऱ्यामागे बर्फाचे डोंगर लावायचे, विदाईला, म्हणजे पाठवणीला, सनई चढवायची. भोपाळात आनंद नगरपासून करोंदपर्यंतच्या कितीतरी बायका देवतळ्यांच्या हातून रडल्या आहेत.

पुढे लग्नाचे व्हिडिओ मोबाईलवरच होऊ लागले आणि देवतळे भुतांकडे वळले. आमच्या जुन्या टाऊनशिपमधले क्वार्टर आता ओस पडलेत. दारं-खिडक्या लोकांनी काढून नेल्या, अंगणात बाभळी माजल्या. पोरं तिथे मोबाईल घेऊन जातात, टॉर्च मारत किंचाळत पळतात आणि ते चित्रण देवतळ्यांना आणून देतात. देवतळे कॉम्प्युटरवर त्यात भूत घालतात. खिडकीत सावली, जिन्यावर बाई, नळातून रक्त, सांगाल ते.

अडचण एकच. पोरं पळत पळत शूटिंग करतात, त्यामुळे चित्र गदागदा हलतं. चित्र हललं की भूतही तेवढंच हलवावं लागतं, नाहीतर ते काचेवर चिकटवलेल्या स्टिकरसारखं घसरत जातं. ते बसवता बसवता देवतळ्यांचा पारा चढतो आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "स्टँड नव्हता का?" कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड, हे देवतळ्यांचं आयुष्यातलं एकमेव तत्त्वज्ञान. माझ्या हातून चहा सांडला की, "स्टँड नव्हता का?" शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, शेगडीवरून कुकर उतरवताना झाकण पाडलं तरी तेच. एकदा टीव्हीवर भूकंपाची बातमी होती. ते भूकंपाला काही बोलले नाहीत, पण वार्ताहराला बोलले.

मी स्वतः त्यांचं भूत झालेलो आहे. गच्चीवर हिरवी चादर बांधली, मला शैलाची पांढरी साडी गुंडाळली आणि भर उन्हात तासभर चालवलं. हिरवा रंग नंतर काढून टाकता येतो म्हणे, मग उरलेलं भूत कुठेही नेऊन ठेवायचं. "जोशी, तुम्ही भूत आहात, पेन्शनर नाही. कमरेवरचा हात काढा," असं ते ओरडत होते आणि शेजारची पोरं कठड्यावरून बघत होती. तो व्हिडिओ पुढे म्हणे बराच चालला. खाली कुणीतरी लिहिलं होतं की या चुडैलीला गुडघ्याचा त्रास दिसतो. मी चार दिवस देवतळ्यांशी बोललो नाही.

पण देवतळ्यांच्या रागावण्यात एक नियम आहे. देवतळे स्वयंपाकघरात भूत घालत नाहीत. गिऱ्हाईकाने कितीही विनवलं तरी नाही. "तिथे पोळ्या लाटल्यात माणसांनी," म्हणतात. "उतू गेलेलं दूध पुसलंय. लाज वाटत नाही? तिकडे जिन्यावर घे तुझं भूत." हे बोलताना त्यांचा आवाज इतका चढतो की मला खाली खुर्ची आत घ्यावी लागते. त्या पोरांना काय कळणार? त्यांच्या लेखी ते भुताचं घर. आमच्या लेखी तो सुमनचा क्वार्टर, शेजारच्या मिश्रांचा क्वार्टर. मलाही त्या पोरांचा राग येतो, पण मी मनात ठेवतो. देवतळ्यांना मनात काही ठेवता येत नाही आणि तेच त्यांना नडलं.

नडलं ते मंजूच्या लग्नात. मंजू त्यांची एकुलती एक मुलगी. क्वार्टरसमोरच्या मैदानात मांडव होता, अंतरपाट धरलेला, गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केलेली. व्याह्यांनी आपला कॅमेरावाला आणला होता आणि तो खुर्चीवर उभा राहून हातानेच शूटिंग करत होता. देवतळे ओरडले, "थांबा." गुरुजी थांबले. सगळा मांडव थांबला. "स्टँड नव्हता का?" असं म्हणत देवतळे घरात गेले, आपला स्टँड घेऊन आले आणि तो उभा करून त्याचे स्क्रू पिळत बसले. तेवढ्यात मुहूर्त टळला. नवऱ्याचा काका जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मंजू सासरी निघायच्या वेळी शेजारच्या मिश्राभाभी ताटलीत कालवलेली हळद घेऊन आल्या. आपल्याकडे ही रीत नाही, पण टाऊनशिपमध्ये त्यांची होळी आमची झाली आणि आमचं हळदीकुंकू त्यांचं, तसंच हेही. "बिटिया, जाने से पहले दीवार पे हाथ लगा जा," त्या म्हणाल्या. मंजूने हात बुडवला आणि दाराशेजारी आतल्या भिंतीवर उमटवला. मग ती बराच वेळ दारात थांबून बाबा कुठे दिसतात ते बघत राहिली. बाबा मांडवात त्या कॅमेरावाल्याने काय काय बिघडवलं ते तपासत त्याच्याशी भांडत होते. ते धावत आले तेव्हा गाडी वळली होती. आणि भांडणामुळे कॅमेरा बंद होता, त्यामुळे तो हात कुणीच टिपला नाही. साऱ्या गावाच्या विदाया ज्याने सजवल्या, त्याच्याकडे स्वतःच्या मुलीची विदाई नाही.

जाताना मंजू आईला म्हणाली होती, "बाबांना फ्रेम दिसते, मी दिसत नाही." सुमन होती तोवर दोघांत निरोप पोचत राहिले. सुमन गेली, क्वार्टर सोडावा लागला, देवतळे माझ्याकडे राहायला आले आणि पुण्याहून येणारा मंजूचा फोन हळूहळू बंद झाला. आधी फोन कुणी करायचा यावर बाप-लेक दोघंही अडून बसले. स्वभाव एकच, मग दुसरं काय होणार?

मागच्या महिन्यात करोंदचा शुभम आला. त्याचं भुतांचं चॅनल आहे. मी वरच बसलो होतो. त्याने पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर एक ओसाड खोली, टॉर्चचा उजेड भिंतीवरून धावतोय, आणि दाराशेजारी एक लालसर पंजा. हळद चुन्याच्या भिंतीला लागली की लाल होते, तो रंग विटून विटकरी झाला होता.

"अंकल, ये देखो, असली है," शुभम खुशीत म्हणाला. "बस इसमें से खून टपकवा दो. मजा आ जाएगा."

देवतळ्यांनी चित्र थांबवलं आणि पंजा मोठा केला. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. मंजू लहानपणी झोक्यावरून पडली होती तेव्हापासूनची. मलाही ओळखू आली.

मग जो स्फोट झाला तो तीन घरांनी ऐकला. "खून? किसका खून? तेरे बाप का घर है?" शुभम भिंतीला टेकला. बिचारा एवढंच म्हणाला, "अंकल, आप नहीं करोगे तो कोई और कर देगा." ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणून देवतळे आणखीच भडकले. पण पेनड्राइव्ह त्यांनी काढू दिला नाही. शेवटी पाणी प्यायले आणि म्हणाले, "छोड़ के जा. खून मिलेगा. बढ़िया मिलेगा."

शुभमला रक्त मिळालं. पलीकडच्या भिंतीवर एवढं रक्त की तो खूश होऊन गेला. दाराशेजारची भिंत मात्र प्रत्येक चित्रात कोरी होती. देवतळ्यांनी पंजा एकेका चित्रातून पुसून काढला होता. कुणीतरी रक्त लावण्याआधी त्यांनीच तो घरी आणला, असं म्हणा.

काल सकाळी वर शांतता होती, म्हणून मी घाबरून जिना चढलो. देवतळे पडद्यासमोर बसले होते. शुभमचं मूळ चित्रण चालू होतं, पण वेगळंच दिसत होतं. खोली हलत होती, उजेड हलत होता, चित्राच्या कडा इकडून तिकडे जात होत्या. मधोमध तो पंजा मात्र जागच्या जागी होता. त्यांनी सगळं चित्र त्या हाताला धरून बांधलं होतं.

"मंजूला पाठवलं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"मग?"

त्यांनी मोबाईल पुढे केला. मंजूचं उत्तर आलं होतं, एकाच ओळीचं. 'बाबा, करंगळीपाशी अजून हलतंय.'

"हलतंय म्हणे," देवतळे कडाडले. "आठवडाभर डोळे फोडले आणि हिला हलताना दिसतं. आईने डोक्यावर चढवून ठेवलंय. एवढ्याशा मोबाईलवर काय कळतं? लिहा तिला, म्हणावं, इथे ये. मोठ्या पडद्यावर बोट ठेवून दाखव कुठे हलतंय ते. चार दिवस राहा आणि दाखव."

"तुम्हीच लिहा की," मी म्हणालो.

त्यांनी मोबाईल माझ्या हातात कोंबला.

"तुम्ही लिहा, जोशी. माझा हात हलतोय."