आधी सोला, मग बोला

"आधी सोला, मग बोला!" तापलेलं मूल घेऊन आई दारात उभी राहिली की डॉक्टर खैरनार एवढंच म्हणत. मूल स्वेटर, कानटोपी, मोजे आणि वर गोधडी अशा बंदोबस्तात असे, एप्रिलातल्या उन्हातसुद्धा. एकेक कपडा उतरवून डॉक्टर माझ्या हातात देत. आणीबाणी उठली त्या साली मी पंचवटीतल्या त्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागलो. औषधाच्या पुड्यांपेक्षा टोपड्यांच्याच घड्या जास्त घातल्या असतील.

मग प्रश्न. "पाणी पितंय? शू किती वेळा केली? खेळतंय का?" वडिलांना यातलं काही ठाऊक नसे. ते विचारत, ताप किती? "ताप राहू द्या हो, मूल बघा!" डॉक्टर थकून म्हणत. पुढे रोजचाच पाठ: अंग मोकळं ठेवा, कोमट पाण्यानं पुसा, थोडं थोडं पाजत राहा; आणि पिणं सोडलं, धाप लागली, झटका आला, हलवूनही जागं होईना, तर धावत या. दिवसाला चाळीस वेळा. संध्याकाळी आवाज बसे. शेवटच्या आईला मीच सांगायचो, डॉक्टर नुसती मान हलवत.

एकदा पेठकडचं एक मजूर जोडपं गोवर आलेल्या लेकीला, यमुनेला, घेऊन आलं. दोन दिवस पोरीच्या पोटात काही नव्हतं. "देवीचं हाय," आई म्हणाली, "खायला द्यायचं नसतं."

डॉक्टर चिडले नाहीत. "लिंबाचा पाला राहू द्या दाराला. पण पेज जाऊ द्या पोटात."

"सुई द्या," बाप म्हणाला.

"हिला सुईची गरज नाही."

"सुई देत नाय तो कसला डॉक्टर!" आणि पोरीला उचलून तो चालता झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर जेवणावरून उठले. "चला, स्कूटर काढतो." पेठ रोडच्या बांधकामांवर चार ठिकाणी विचारलं, तेव्हा यमुनेचं खोपट सापडलं. बाप कामावर होता. डॉक्टरांनी घड्याळ धरून पोरीचा श्वास मोजला, कान पाहिले आणि पेज मागितली. एक चमचा, मग थांबायचं, मग पुन्हा एक. ती थुंकायची, डॉक्टर शर्ट पुसायचे. वाटी संपायला तास लागला.

चार दुपारी आम्ही जात राहिलो. पाचव्या दिवशी यमुनेनं चमचा हिसकावून घेतला. बाप बाजूला खाली मान घालून उभा होता. आईला हसू आवरेना. म्हणाली, "तुमची पोरं लय नशिबाची, डॉक्टर."

डॉक्टरांना मूल नव्हतं. डॉक्टरीणबाईंना जाऊनही सहा वर्षं झाली होती. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी मला हातानंच थांबवलं.

"हो ना," ते तिला म्हणाले, "पण जेवायला फार छळतात."