चौथ्या मजल्यावरचा सोफा

सिंगापुरातल्या आमच्या बेडोकच्या ब्लॉकमध्ये संध्याकाळी आठल्येकाका कुठे भेटतील, हे कुणाला विचारावं लागत नाही. ते गाडीत असतात. गाडी मात्र कुठेही जात नसते. मल्टिस्टोरी कारपार्कच्या चौथ्या मजल्यावर, खांबालगत ती उभी असते आणि काका स्टिअरिंगमागे ताठ बसून थर्मासमधला चहा पीत असतात. उभ्या गाडीतही पट्टा लावलेला. नियम म्हणजे नियम. आपण काचेवर टकटक केली की म्हणतात, "ये रे नितीन, बस. घाई कुणाला आहे?"

घाई गाडीलाही नाही, हे दिसतंच. सत्तरच्या दशकाच्या अखेरची अमेरिकन थंडरबर्ड. बॉनेटवर चार पानं मांडून पंगत बसवावी एवढी लांब. दारं फक्त दोन, पण एकेक दार असं ऐसपैस की सरकारी पार्किंगच्या जागेत ते अर्धंच उघडतं आणि माणसाला पोट आत घेऊन तिरकं शिरावं लागतं. पुढचे दिवे झाकणांखाली लपलेले. बटण दाबलं की डावं झाकण उघडतं, उजवं त्याच्या मनात आलं तर. आत वाइनच्या रंगाची मखमल, गुबगुबीत गाद्या, त्यांवर ओळीने टाचलेली बटणं. संस्थानिकाच्या दिवाणखान्यात असावं असं ते सगळं प्रकरण आमच्या कारपार्कमध्ये, एका डिलिव्हरी व्हॅनच्या शेजारी उभं असतं.

इथे जुन्या गाड्यांसाठी एक वेगळा परवाना मिळतो. त्यात खर्च आटोक्यात राहतो, पण वर्षातले मोजकेच दिवस गाडी रस्त्यावर आणता येते. काकांनी त्यातला एकही दिवस वापरला नव्हता. एकदा मी सुचवलं, "काका, निदान चांगीपर्यंत चक्कर मारू." तर म्हणाले, "दिवस राखून ठेवलेत." सुट्ट्या अशा राखून ठेवणारी माणसं मी ऑफिसात पाहिली आहेत. ती शेवटी सगळ्या सुट्ट्यांसकट निवृत्त होतात. काका त्याच पंथातले, असं मी ठरवून टाकलं.

आणि पंथ त्यांचाच होता म्हणा. तीस-एक वर्षं एका बँकेच्या रिस्क विभागात काढलेला माणूस. लोकांना कर्ज नाकारण्यात आयुष्य गेलं. घरात मिक्सर घेताना त्यांनी तीन दुकानांत तीनतीनदा चौकशी केली होती. अशा माणसाने ही गाडी घेतली कशी, हे मला अजून नीट उमगलेलं नाही, आणि मी तर तिथे हजर होतो. ते टाय लावून गेले होते. गाडीच्या मालकाची, एका म्हाताऱ्या चिनी मेकॅनिकची, त्यांनी कर्जदाराची घ्यावी तशी मुलाखत घेतली. तो बिचारा प्रामाणिक निघाला. इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाला, "अंकल, धिस कार ड्रिंक मोर दॅन माय ब्रदर, लाह." काकांनी मान हलवली, आत बसले, दार ओढलं. धप्प असा एक जाड, भरदार आवाज झाला. काकांनी दार उघडून पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. मग काच खाली करून म्हणाले, "घेतो." चालवून पाहिलीसुद्धा नाही.

तेव्हापासून आल्यागेल्याला तो आवाज ऐकावा लागतो. "ऐक. हल्लीच्या गाड्यांचं दार लावलं की बिस्किटाचा डबा लावल्यासारखं वाटतं. हे बघ." धप्प. आपण "वा" म्हणायचं असतं. नाही म्हटलं तर पुन्हा ऐकवतात.

बसायचं मात्र मागे. काकांच्या शेजारची पुढची सीट वाकवून मागच्या खोबणीत उतरायचं. तिथे पानाच्या डब्याएवढी एक लंबगोल खिडकी आहे, तिच्यातून समोरचा खांब दिसतो. पुढच्या सीटवर बसायची कुणालाच परवानगी नव्हती. साऱ्या गाद्यांवर त्यांनी नवी मखमल चढवून घेतली होती आणि त्या एका सीटवरचं प्लॅस्टिक तसंच ठेवलं होतं. आपल्याकडे नव्या वस्तूचं प्लॅस्टिक फाटेपर्यंत काढत नाहीत, तसंच हे असेल, असं मला वाटायचं. त्यामुळे ते पुढे आणि मी मागे, टॅक्सीतल्यासारखे, आरशातून एकमेकांशी बोलायचो.

काकू तेव्हा साताऱ्यात होत्या. आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून दोन महिन्यांसाठी गेल्या आणि दोन वर्षं अडकल्या. काका रोज संध्याकाळी त्यांना व्हिडिओ कॉल करायचे, तो गाडीतूनच. आणि इथेच घोटाळा झाला. पहिल्याच दिवशी काकूंनी विचारलं, "अहो, तुमच्या मागे हे काय आहे मखमलीचं?" आयुष्यभर लोकांच्या थापा पकडणाऱ्या माणसाला स्वतःची एकही धड थाप सुचली नाही. म्हणाले, "नवा सोफा घेतलाय."

पुढे तो सोफा सांभाळणं हेच त्यांचं काम होऊन बसलं. शेजारी कुणी गाडी सुरू केली की "टीव्ही लागलाय". हॉर्न वाजला की "पिक्चर रंगात आलाय". मी मागच्या सीटवर श्वास रोखून बसलेला असायचो.

मग एका संध्याकाळी काकांचा चेहरा पांढराफटक. काकूंच्या भावाची बदली होऊन तो घरी परतला होता, आई काठी घेऊन अंगणापर्यंत जायला लागली होती, आणि काकू पुढच्या आठवड्यात कायमच्या परत येणार होत्या. बातमी आनंदाची होती. काका म्हणाले, "ती आल्या आल्या सोफा बघणार."

"मग सांगून टाका."

"तिला न विचारता मी उभ्या आयुष्यात रुमालसुद्धा घेतलेला नाही, नितीन. ती रागावली तर ठीक आहे. गप्प बसली तर मी काय करू?"

मी एक सोफा विकत घ्यायचंही सुचवून पाहिलं. त्यांनी ते दोन मिनिटं खरोखर मनावर घेतलं, यावरून त्यांची अवस्था ओळखावी.

शेवटी ठरलं की गाडीच एअरपोर्टला न्यायची. "तू चल साक्षीदार म्हणून," ते म्हणाले. म्हणजे ढाल म्हणून. सकाळी मी खाली गेलो तर पुढच्या सीटवरचं प्लॅस्टिक काढलेलं होतं. मखमल ब्रशने एका दिशेला बसवलेली. राखलेल्या दिवसांतला पहिला दिवस निघाला. उजवं झाकणही उघडलं.

काकू ट्रॉली ढकलत आल्या. काकांनी गाडीकडे नुसता हात केला. काकूंनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. त्याला वेळ लागला.

"हाच ना तो सोफा?" त्या म्हणाल्या.

काका मला शोधू लागले. मी डिकीत बॅगा भरत होतो आणि त्या डिकीत मीही मावलो असतो.

"अहो, सोफ्यावर बसून कुणी पट्टा लावतं का? मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

आम्ही बसलो. मी मागे, माझ्या खोबणीत. काकूंनी पुढचं दार ओढलं. धप्प. त्यांनी ते पुन्हा उघडून लावलं. "छान वाजतं," म्हणाल्या. मला वाटतं काकांनी दोन वर्षांत पहिल्यांदा पूर्ण श्वास सोडला, आणि मागे मीही.

जरा वेळाने काकांनी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही घरातून फोन केला असतात. घरातून तुमचा फोन म्हणजे जेवलीस का, बरं आहे ना, ठेवतो. सोफ्यावर बसलात की तासभर बोलायचात. आईसुद्धा विचारायची, जावयाचा सोफा लागला का."

काका रस्त्याकडे बघत म्हणाले, "घरात समोर तुझी खुर्ची दिसायची, सुलभा. तिथे बसून बोलवत नव्हतं."

काकूंनी मखमलीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "वर्षातले थोडेच दिवस चालते म्हणे ही. किती उरलेत?"

"सगळे. तू नसताना मला कुठे जायचं होतं?"

मागच्या लंबगोल खिडकीतून मला समुद्राकडची झाडं दिसू लागली. बेडोकचा फाटा मागे पडला होता. मला अकरा वाजता मीटिंग होती. मी पुढे वाकून हळूच म्हटलं, "काका, आपलं वळण गेलं."

काका गाडी सरळ पुढे हाकत राहिले. मान न वळवता काकूच म्हणाल्या, "घाई कुणाला आहे?"