टिपणीस साहेबांची उदबत्ती

टिपणीस साहेब भर दुपारी रानात उभे राहून उदबत्ती लावायचे. हात जोडायचे नाहीत. धूर कुठं जातो ते बघायचे अन् वहीत बाण काढायचे.

कामोठ्याला लहान मुलांची शाळा बांधायची होती. नकाशा साहेबांचा, गवंडीकाम माझं. माझी शाळा दुसरीपर्यंत, पण ओळंबा माझ्या हातात कधी खोटं बोलला नाही.

साहेबांना काहीही विचारा, उत्तर एकच : "वाऱ्याला विचारा." चहा कधी घेणार विचारलं तरी तेच. दुसरी खोड म्हणजे चालता चालता उन्हातल्या भिंतीला गाल लावायचे. कामावरच्या बायका पदर तोंडाशी धरून हसायच्या.

त्याच बायकांनी पुढं घोळ घातला. साहेब रोज एकाच जागी उदबत्ती लावतात म्हणजे तिथं देव असणार! आठ दिवसांत दगड आला, शेंदूर लागला, नारळ फुटला. तिथं हेडमास्तरांची खोली होणार होती. आता कुदळ कोण मारणार? साहेबांनी खोली सरकवली, तिथं मोकळं अंगण ठेवलं. "वारा इथूनच आत जाईल," म्हणाले.

खिडक्या खाडीकडे आणि उंच झरोके. तळोज्याच्या कारखान्यांचा वास यायचा त्या रस्त्याच्या बाजूला नुसती भिंत. पंखा एकही नाही. गावकमिटीचे अध्यक्ष भडकले.

"अवो सायेब, ही शाला हाय का गोदाम? पोरा उकडून मरतील!"

"मे महिन्यात दुपारी वर्गात घाम आला, तर भिंत फोडा आणि पाटीवरून माझं नाव पुसा."

मे आला. आम्ही तिघं छोट्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो. साहेबांनी उदबत्ती लावली. धूर सरळ वर! घाम टपटप.

"मिस्त्री, घन आना," अध्यक्ष म्हणाले.

साहेबांनी वही मिटली. वाऱ्याला विचारा, असंसुद्धा म्हणाले नाहीत.

मी घन आणायला अंगणात गेलो, तर समोर देवावरचा पत्रा. वाऱ्याची वाट अडवून उभा. देवाला ऊन लागू नये म्हणून मीच ठोकला होता. घनानं पत्राच पाडला. आत आलो तर धूर वाकून झरोक्यातून बाहेर चाललेला. चूक माझी होती असं मी आजही म्हणत नाही. देव सावलीत होता.

अध्यक्ष मान हलवत गेले. मी थापी घ्यायला परत वर्गात आलो, तर साहेबांनी दुसरी उदबत्ती लावलेली. गाल भिंतीला.

"आता कशाला? झाली की परीक्षा."

"आमच्या हिनं उभा जन्म पत्र्याच्या शाळेत शिकवलं, मिस्त्री. घरी आली की मोरीच्या भिंतीला गाल लावून बसायची. म्हणायची, तुम्ही लोकांचे बंगले काढता, आम्हाला एक थंड भिंत द्या."

बाई कुठं आहेत ते मी विचारलं नाही. उदबत्ती विझेपर्यंत उभा राहिलो. मग मीही भिंतीला गाल लावून बघितला.

थंड होती. काम माझंच होतं ते.