क्लच गैरहजर

कांबळेबाई मोटारसायकलची हजेरी घेतात. रोज सकाळी, लोहाऱ्यात, आपल्या दारापुढं, डोक्यावर हेल्मेट आणि खांद्याला पर्स अडकवून. "पुढचा ब्रेक?" असं विचारून ब्रेक दाबतात आणि त्याच्या वतीनं स्वतःच सांगतात, "हजर." मग मागचा ब्रेक, मग क्लच, मग हॉर्न. आरसा हललेला असला तर सरळ करता करता त्याला सुनावतात, "रोज तुझंच कसं वाकडं असतं रे?" सगळे हजर निघाले की चावी फिरते. तोवर मी दोघांचे डबे घेऊन बाजूला उभा. मी मागं बसणारा.

माकणीच्या अलीकडं एका वस्तीवर आमची शाळा आहे. शिक्षक दोनच. बाई मुख्याध्यापक आणि दुसरा मी. पस्तिशी ओलांडली तरी मला सायकलच्या पुढचं काही चालवता येत नाही, आणि बाईंनी बावन्नाव्या वर्षी मोटारसायकल शिकली. सुरुवातीला फाट्यावरच्या हॉटेलातली माणसं चहाचे कप घेऊन बाहेर यायची. बाई पुढं आणि बाप्या मागं, हे त्यांना नवीन होतं. मला लाजल्यासारखं व्हायचं. बाई म्हणाल्या, "बघू द्या की. कुणी बघत असलं की मी सरळ चालवते."

गाडी कांबळेसाहेबांची. साहेब धरणावर नोकरीला होते. दोन वर्षांपूर्वी अचानक गेले, आणि गाडी वर्षभर अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. मुलगा संदीप पुण्यात असतो. तो म्हणाला, "आई, तुला स्कूटी घेऊन देतो." बाईंनी नको म्हटलं. गावातल्या युनूसभाई मेकॅनिकला बोलावलं, बॅटरी बदलून घेतली आणि बाजाराच्या मोकळ्या मैदानावर शिकायला सुरुवात केली. युनूसभाई अजून सांगतात, "शिकवलं म्या, पण परीक्षा त्यांनी माझीच घेतली. क्लच दाबल्यावर आत नेमकं काय हुतं, म्हणत्या. इतकी वर्षं गाड्या खोलतोय, कुणी इचारलं नव्हतं."

बाईंचा वेग तीस. एकतीस मी कधी पाहिला नाही. एकदा उशीर झाला म्हणून मी चुळबुळ केली तर म्हणाल्या, "सर, आपल्याकडं पाढे कितीपर्यंत?" वळताना त्या इंडिकेटर लावतात, हॉर्न वाजवतात, हात दाखवतात आणि वर "सरका बाबांनो" असं तोंडानंही म्हणतात. रस्त्यावर कोणी नसलं तरी. "लाइट बघत न्हाईत लोकं, हात बघतात," हे त्यावरचं स्पष्टीकरण. उतरताना टाकीवर दोन थापा आणि "शाब्बास." ती शाबासकी मला कधी मिळाल्याचं आठवत नाही.

संदीपला हे पसंत नव्हतं. त्यानं अट घातली होती. एकदा जरी काही झालं, तरी गाडी विकायची. माझा नंबर घेऊन ठेवला होता. "सर, तुम्ही सोबत असता. खरं काय ते तुम्हीच सांगायचं."

आणि माघातल्या एका सकाळी ते झालं. वळणावर मेंढरं आडवी आली. बाईंनी रीतसर थांबून त्यांना वाट दिली. शेवटचं कोकरू गेलं, बाईंनी पहिला गिअर टाकला आणि खट् असा आवाज झाला. गाडीनं पुढं उडी घेतली, मी मागं सरकलो आणि गाडी बंद पडली. बाईंनी डाव्या हाताचा क्लच दाबून पाहिला. तो दाताच्या कवळीसारखा नुसता हलत होता.

"क्लच?" बाईंनी सवयीनं विचारलं. थोडा वेळ थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "गैरहजर."

मी म्हटलं, "गाडी इथंच लावू. कुणाची तरी वाट बघू."

"पोरं दारात असतील, सर. शाळेची चावी माझ्याकडं." आमची शाळा अगदी रस्त्याला लागून आहे आणि त्या दिवसांत उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक धावत असतात. बाईंनी युनूसभाईंना फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"भाभी, वायर तुटली. घाबरू नका," युनूसभाई म्हणाले. "न्यूट्रल करून चालू करा. सरांना म्हणा ढकला. चाक पळाय लागलं की पहिला टाका. झटका बसंल. आन मधी थांबू नका, थांबलात की बंद पडंल."

मी ढकललं. गाडी बंद पडली. पुन्हा ढकललं, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी बाई म्हणाल्या, "चूक माझी हुतीय. मी भीत भीत टाकते." आणि त्यांनी गिअर असा काही टाकला, की गाडी माझ्या हातातून निसटून निघालीच.

"सर, बसा!"

"थांबा की, बाई!"

"थांबता येत न्हाय!"

मी दोन्ही डबे सांभाळत थोडा पळालो. मग उभा राहिलो. डाव्या हाताला आता काम नव्हतं, म्हणून बाईंनी तो सगळ्या वळणभर दाखवत ठेवला होता. वळणापलीकडून "सरका बाबांनो" ऐकू आलं आणि मग नुसता गाडीचा आवाज.

एका दूधवाल्यानं मला शाळेत सोडलं. पोरं वर्गात बसली होती, परिपाठ संपत आला होता. बाई फळ्यावर तारीख लिहीत होत्या. अक्षर नेहमीसारखं नव्हतं.

"सर, रागावू नका. टाकून आले तुम्हाला," त्या म्हणाल्या. मग पोरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, "दुसरा गिअर पण टाकला."

दुपारी जेवताना संदीपचा फोन माझ्या मोबाइलवर आला. "सर, सगळं ठीक?" मी म्हटलं, "एकदम." बाईंनी माझ्याकडं पाहिलं. चौथीतला पोरगा गृहपाठाची वही घरी राहिली म्हणतो, तेव्हा पाहतात तसं. हात पुढं करून फोन घेतला आणि मेंढरांपासून सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. पलीकडून तो काय बोलला, मला ऐकू आलं नाही. बाई शेवटी "बरं" म्हणाल्या आणि फोन परत दिला.

"रविवारी येतोय. गाडी घेऊन जाईन म्हणाला." त्यांनी डब्याला झाकण लावलं. अर्धी भाकरी तशीच राहिली.

शाळा सुटताना युनूसभाई आले. नवी वायर आणली होती, पण पाना विसरून आले होते. "गाडीच्या पेटीत असंल," म्हणून त्यांनी चावीनं बाजूचं झाकण उघडलं. हे झाकण त्यांनीही आजवर उघडलं नव्हतं. त्यांची हत्यारं नेहमी त्यांच्याकडं असायची. आतून पाना निघाला, आणि पान्यामागून दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं, रबर लावलेलं काहीतरी. युनूसभाईंनी रबर काढलं. कोरी क्लचवायर होती. वंगण लावून ठेवलेली.

"माझ्याकडूनच नेली हुती साहेबांनी," ते म्हणाले. "म्या म्हटलं, अजून पहिली चांगली हाय की. तर म्हणले, मागं घरचं माणूस असतंय, रस्त्यात अडकायला नगं."

बाईंनी वायर हातात घेतली. तिच्यावरच्या वंगणावरून बोट फिरवलं.

"एवढी वर्षं मागं बसले," मग म्हणाल्या, "मला यांची पाठ तेवढी दिसायची. रस्ता कसाय, गाडीत काय हाय, कधी बघितलंच न्हाय. इचारलं पण न्हाय."

युनूसभाईंनी आपली वायर पुढं केली. "भाभी, ती जपून ठेवा. म्या ही बसवतो."

"जपून कशाला? त्यांनी लावायलाच ठेवलीय." बाई गाडीपाशी खाली बसल्या. "आणि तुम्ही नका बसवू. नुसतं सांगा."

युनूसभाई सांगत गेले. बाईंनी पान्यानं नट सैल केले, तुटकी वायर ओढून काढली, साहेबांची वायर टाकीखालून ओवली. दोनदा चुकलं. बोटं काळी झाली, गालाला वंगण लागलं. क्लच दाबल्यावर वायर घट्ट ओढली गेली, तेव्हा त्या हसल्या आणि लगेच तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले. मग युनूसभाईंची नवी वायर त्याच पिशवीत गुंडाळली, वर रबर लावलं आणि पेटीत ठेवून झाकण लावलं.

रविवारी संदीप आला. त्या दिवशी मी बाईंकडंच होतो. त्यांनी जेवायला बोलावलं होतं, पण मला वाटतं, एकटीनं गाडी द्यायला लागू नये म्हणून बोलावलं असावं. संदीपनं चावी मागितली. बाई म्हणाल्या, "देते. आधी मागं बस."

दोघं धरणाकडं गेले. मी ओसरीवर बसून राहिलो. तीसच्या वेगानं जाऊन यायला बराच वेळ लागतो. परत आले तेव्हा संदीप उतरला आणि गाडीकडं बघत उभा राहिला. चावीसाठी त्यानं हात पुढं केला नाही. जेवताना गाडीचा विषय कुणी काढला नाही.

संध्याकाळी निघताना त्यानं चपला घातल्या, आईच्या पाया पडला आणि दारातून मागं वळून म्हणाला, "आई, चेन जरा सैल वाटती. उद्या बघून घे."