पोनिरान या नावाने करांगसारी कशी जिंकली

श्री. जावा बेटी, मेरापी ज्वालामुखीचे पायथ्यास, मौजे करांगसारी, तेथील थोरामोठ्यांनी चहाटपरीचे बाकावर मसलतीस बसून आज्ञा केली की, पोनिरान हे नाव मरणपंथास लागले असता पुनः तख्तनशीन कैसे जाहले, ती हकीकत साद्यंत लिहोन ठेवावी, पुढील पिढीचा भरवसा धरवत नाही. ऐसियास आज्ञा शिरसावंद्य मानून, दोन पेले गोड चहा आणि केळ्याची भजी पोटात रवाना करून लिहितो. यात पदरचे थोडे आहे, ते वाचणाराने ओळखून गप्प बसावे.

त्या मुलखी पाच वारांचा बाजार-आठवडा पेशजीपासून चालत आला आहे, आणि त्यातील पोन या वारी पुत्र उपजला की बाप फार डोके न खाजविता त्यास पोनिमान, पोनिदी, पोनिरान ऐसे काही नाव ठेवी आणि शेतावर निघून जाई. मग काळ फिरला, घरोघर टीव्हीचा अंमल बसला, आणि ही नावे बैलगाडीसोबत मोडीत निघाली. होता होता तमाम पंचक्रोशीत एकच पोनिरान बाकी राहिले, ते खासे म्बाह पोनिरान टेम्पेवाले. म्बाह म्हणजे आजोबा किंवा आजी, केस पांढरे जाहले की ही पदवी तेथे आपोआप बहाल होते. वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा सोयाबीन आंबवून त्याचे टेम्पे केळीचे पानात बांधून विकणे, तोंडी दात तीन आणि पोटी कन्या तीन. शाळेत पोरे या नावावरून चिडवीत. परंतु बापाने दिलेली ही एकच चीज त्यांजपाशी उरली होती, शेत तर थोरल्या भावाने गिळले. आपल्यामागे ही हाक या गावी कोणी मारणार नाही, या विचारे म्हाताऱ्यांचे काळजास घोर लागला होता.

तो धाकटी कन्या विदाती प्रसूत होऊन पुत्र जाहला. म्बाह पोनिरान यांनी टेम्पेची टोपली नजराणा देऊन, आडून आडून, नावाची दरखास्त जावयांचे कानी घातली. जावई गालिह, शहरी मोबाइल दुरुस्तीचे दुकानाचे सुभेदार, मोठे अदबीचे माणूस. त्यांनी पंधरा दिवस फोनात मुलुखगिरी करून पाच शब्द हस्तगत केले होते. एक जपानी कार्टूनातील, एक कोण्या फुटबॉलवाल्याचा, दोन जुन्या भारदस्त भाषेतील, आणि पाचवा फॉर्मवर जागा शिल्लक होती म्हणोन. ऐसे केन्झो अल्वारो माहर्दिका ब्रामंत्या प्रकासा हे नाव मुक्रर जाहले. सासऱ्यांस ते तिकडील रीतीने बापाक, म्हणजे बाबा, म्हणत; ते म्हणाले, “बापाक, तुमचं नाव छानच आहे हो. पण त्याला टेम्पेचा वास येतो.”

म्हातारे हसले, रिकामी टोपली उचलली आणि घरी आले. त्या दिवशी जेवले नाहीत.

इकडे बाळराजे रडू लागले. रडले म्हणजे कैसे, तर चाळीस दिवस, सूर्योदयापासून मावळतीपर्यंत. आरोग्यकेंद्राचे डॉक्टरीणबाईंनी तपासून पोर ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला, आणि तो ऐकून पोर अधिकच रडले. शेजारचे कोंबड्यांनी अंडी घालणे सोडले. मग निरुपाय होऊन म्बाह साकिनेम यांस पाचारण केले. या सुईणबाई, वय ऐंशी, गावच्या दोन पिढ्या यांचे हाते जगात दाखल जाहल्या, खुद्द गालिहदेखील. बाईंनी पोर तळहाती तोलले आणि बापास हुकूम केला की नाव म्हण. बाप तीन शब्दांपर्यंत चालून गेले आणि चौथ्यापाशी अडखळून फोन काढू लागले. बाईंस काय ते उमगले.

“नाव जड झालंय त्याला,” त्या म्हणाल्या. “चार किलोचं पोर आणि पाच जणांचं नाव. बापाला एका दमात घेता येत नाही, ते कसं पेलणार?”

नाव जड जाहले की उतरवावे आणि हलके घालावे, लाल आणि पांढरी खीर करून शेजाऱ्यांस वाटावी, हा त्या मुलखीचा जुना कायदा, त्यापुढे मोबाइलवाल्यांचेही काही चालत नाही. परंतु हलके नाव कोणते, यावर सभेत हातघाईची वेळ आली. म्बाह पोनिरान कोपऱ्यात केळीची पाने पुसत बसले होते. मग विदाती पुढे सरसावली.

“बापाकांचं ठेवू या,” ती म्हणाली. “चौऱ्याहत्तर वर्षं वापरलंय, अजून कुठे उसवलं नाही.”

गालिह यांनी शेवटचा मोर्चा बांधला की पोर पोनचे दिवशी जन्मले नाही, पाचांतील क्लिवोन या वारी जन्मले. त्यावर साकिनेमबाईंनी फर्माविले की नाव पोनचे दिवशी ठेवा, पोरास कॅलेंडर वाचता येत नाही.

त्याप्रमाणे येत्या पोनवारी खीर शिजली, नाव चढले, आणि बाळ पोनिरान जे झोपले ते दुपार टळली तरी उठेनात. जाणते म्हणतात की त्याच सकाळी शेजारील लाकूडगिरणीचा पट्टा तुटून तिची दिवसभरची घरघर महिनाभर बंद पडली. परंतु फत्ते जाहलियावर पट्ट्याची गोष्ट कोण लिहितो? बातमी चौफेर गेली आणि आयाबाया नावावर तुटून पडल्या. सुताराकडे पोनिरान, पंचांकडे पोनिरान, नदीपलीकडील वस्तीत एकाच दिवशी दोन पोनिरान, ऐसे वर्ष भरण्याआधी नऊ जाहले. गल्लीत कोणी हाक मारावी आणि म्बाहंनी खुशाल प्रत्येक हाकेस ‘ओ’ द्यावी. मांड ठोकून बसत, टेम्पे बांधीत, आणि उगाच हसत. इतके सुख त्यांस जन्मात लाभले नव्हते.

मग नववे महिनी बाळास ज्वर आला. गाल लाल, दूध घेईना, आणि पुनः तोच आक्रोश. गालिह हवालदिल होऊन फोनात जुने पाच शब्द धुंडू लागले. पहिला पोनिरान पडला तर बाकी आठ पाळणे आठवडाभरात फिरतील आणि नाव कायमचे बुडेल, हे सर्वांस दिसत होते. साकिनेमबाई पुनः आल्या. त्यांनी निवाडा दिला की नाव हलकेच आहे, परंतु एका घराण्यात एका नावाखाली दोघे उभे राहिले, आणि थोरला सगळी सावली घेतो. दोहोंतील एकाने बाजूस व्हावे. सर्वांनी पोराकडे पाहिले.

म्बाह पोनिरान यांनी हातातील टेम्पेची गाठ बांधली, सोडली आणि पुनः बांधली.

“पोराचं काढू नका,” ते म्हणाले. “माझं काढा.”

विदातीस रडू आवरेना. बापाक, तुमच्याजवळ दुसरं आहे काय, ऐसे ती म्हणत राहिली.

“मला हाक मारणारे किती उरलेत आता, बाळ? त्याला अजून जन्मभर हाका ऐकायच्यात.”

आता म्हाताऱ्यांस बिननावाचे ठेवता येत नव्हते. साकिनेमबाईंस फुकट गेलेले काही बघवत नसे, शिळा भातही त्या वाळवून तळीत. त्यांनी तजवीज काढली की ते पाच शब्दांचे नाव पडूनच आहे, चाळीस दिवसच वापरलेले, ते द्या. गालिह चाचरत म्हणाले की ते तर जड.

“पन्नास वर्षं सोयाबीनची पोती वाहिली यानं,” बाई म्हणाल्या. “पाच शब्दांनी काय होतंय?”

लाल-पांढरी खीर पुनः शिजली. दुसरे दिवशी ज्वर उतरला आणि बाळाचे खालचे हिरडीत तांदळाएवढा दात चमकला. दाताचा उल्लेख बखरीत नसावा ऐसा साकिनेमबाईंचा हुकूम आहे, परंतु तो उल्लेख येथे नजरचुकीने येऊन गेला.

त्या संध्याकाळी विदातीने स्वयंपाकघरातून ‘पोनिरान’ म्हणून हाक मारली. नातवाशेजारी बसलेले म्हातारे सवयीने अर्धे उठले. तो चटईवरील बाळाने मान वळवून आईकडे पाहिले आणि खिदळले. म्हातारे पुनः खाली बसले, आणि सदऱ्याचे बाहीने डोळे पुसले.

येणेप्रमाणे नामयुद्धाची फत्ते जाहली. आजमितीस करांगसारी परगण्यात पोनिरान अकरा, सर्व दुधावर. हा लेख साक्षीदाराने वाचून घेतला, हसून मान्य केला, आणि दस्तुरखुद्द सही केली. सही करिता दोन ओळी अपुऱ्या पडल्या, आणि चौथ्या शब्दापाशी जावयांस विचारावे लागले.

साक्ष: म्बाह केन्झो अल्वारो माहर्दिका ब्रामंत्या प्रकासा, टेम्पेवाले.