मेश्राम सरांचे एडिटर

मेश्राम सर दर महिन्याला एडिटर बदलायचे. एडिटर म्हणजे ज्यात आम्ही प्रोग्राम लिहितो ते सॉफ्टवेअर. माणसं बदलायची सोय असती, तर सरांनी सुरुवात आमच्यापासूनच केली असती.

गोंदियातलं आमचं ऑफिस राईस मिलवाल्यांचं सॉफ्टवेअर सांभाळायचं. वर्षानुवर्षं ज्याने त्याने त्यात हात घातलेला, त्यामुळे कोड अवाढव्य झाला होता. नवा एडिटर आला की सर त्यात तो अख्खा कोड उघडायचे आणि खाली चहाला जायचे. परत येईपर्यंत उघडला तर एडिटर पास. रंगीत अक्षरांचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. एखादं फंक्शन, म्हणजे कोडचा एक तुकडा, कुठे कुठे वापरलंय ते एडिटरने दाखवलं पाहिजे. नाहीतर इथे एक ओळ खोडली की तिकडे जिल्ह्यातल्या गोरेगावच्या मिलचा वजनकाटा मुका होतो, असं ते बजावायचे. कोणी नवीन काही जोडायला निघालं की विचारायचे, "कायले?" त्या 'कशाला'पाशीच बहुतेकांचं काम संपायचं.

मग ऑफिसच्या मालकाला कोणीतरी आपोआप कोड लिहिणारा एडिटर दाखवला. त्याने तो सरांकडे तपासायला दिला. सरांनी इमानदारीने वापरला आणि सांगितलं की लिहितो चांगला, पण जुनं काय मोडलं ते पाहायला माणूस लागेल. मालकाने 'चांगला' एवढंच ऐकलं. महिनाअखेर सरांना शाल, श्रीफळ आणि निरोप मिळाला. शालीवरची किमतीची चिठ्ठी काढायचंही कोणाला सुचलं नाही.

व्हायचं तेच झालं. बिलं चुकायला लागली आणि मालकाने मला सरांच्या घरी पिटाळलं.

सर फोनवर होते. मुलगी प्रज्ञा पुण्यात, तीही सॉफ्टवेअरमध्येच. नव्या एडिटरमध्ये सगळ्या फाइलींत एकदम शब्द कसा शोधायचा, असं ते तिला विचारत होते. मी चमकलो. कामावरच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला हेच शिकवलं होतं.

स्पीकरवर तिचा आवाज आला, "बाबा, यूट्यूबवर पाहा ना. मीटिंगमध्ये आहे मी."

फोन बंद झाला. माझा चेहरा पाहून सर म्हणाले, "येते मले ते. पण जेवलीस का, बरी आहेस का, याच्यापुढं काय बोलावं समजत नाही. एडिटरचं इचारलं तं जराशी बोलते."

त्यांनी फोन टेबलावर उलटा ठेवला, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि बिलांचं काय झालं ते विचारलं.