टिपीची मालकीण

आपल्याच बॅकयार्डात, आपल्याच तंबूबाहेर उभं राहून, आपल्याच बायकोला "आत येऊ का?" असं विचारणारा माणूस अख्ख्या नेपरव्हिल गावात एकच. आमचे शेजारी दत्ताकाका.

तंबू म्हणायचं नाही हं! "तंबू सर्कशीचा. ही टिपी," असं काका बजावणार. लांब काठ्या शेंड्याशी बांधून त्यांवर कॅनव्हास गुंडाळलेला, शंकूसारखा उंच निवारा. काका मूळचे नागपूरचे, पूल बांधणारे इंजिनियर. रिटायर झाल्यावर मोंटानाचे डोंगर बघायला गेले आणि तिथल्या ब्लॅकफूट या आदिवासी लोकांच्या प्रेमात पडून परत आले. एकेकाळी बफेलोंच्या मागे माळरानभर फिरणारी ही माणसं. त्यांच्यातल्या एका कुटुंबानं काकाकाकूंना टिपीत जेवायला बोलावलं. निघताना काकांनी यजमानांचे आभार मानले, तर ते बायकोकडे बोट दाखवून म्हणाले, "मला काय सांगता? टिपी हिची आहे." त्यांच्यात टिपी बाईच्या मालकीची. उभी तीच करणार, उतरवणार तीच. काका थक्कच झाले! घरी येऊन त्यांनी टिपी मागवली आणि कुंदाकाकूंना देऊन टाकली. काकू हुकूम सोडायच्या, काका निमूट काठ्या उचलायचे.

मग काय विचारता! सिनेमात टिपी दिसली की काका सोफ्यावरून उठून काठ्या मोजणार. "तीनच मुख्य काठ्यांवर उभी केलीय! ब्लॅकफूटांची चारवर असते. एवढंही कळू नये?" घोडे यायच्या आधी यांचं सामान कुत्रे ओढायचे, हे त्यांनी आमच्या लॅब्रॅडॉरलाही ऐकवलंय.

एकदा मी म्हटलं, "काका, टिपीचा कॅनव्हास कोरा का? नेटवर मस्त डिझाइन्स मिळतात." असे भडकले! "ती चित्रं ज्याची त्याची असतात. रीतसर विधी करून हक्क देतात. ढापायची नसतात!" पण त्या दिवसापासून काका मला फार आवडायला लागले.

आणि काकू? काकांनी बाहेरून विचारलं की आतून आवाज यायचा, "पाय पुसून या." भर जुलैच्या उन्हात, कोरड्या गवतावर!

काकू फेब्रुवारीत गेल्या. जूनमध्ये काकांनी एकट्यानं टिपी उभारली, ब्लॅकफूटांच्या रीतीप्रमाणे दार पूर्वेलाच ठेवलं, आणि बाहेर खुर्ची टाकून बसले. रोज तेच. एकदा पाऊस आला तरी हलेनात.

"अहो भिजताय! आत बसा ना."

"मालकीण नाही," काका म्हणाले. "विचारू कुणाला?"

छत्री धरून उभी राहिले, दुसरं काय करणार?

त्या वीकेंडला त्यांची मुलगी रेवती ॲन आर्बरहून आली. इथेच वाढलेली, बाबांच्या मराठीला कायम इंग्लिशमध्ये उत्तर देणारी. "बाबा, व्हाय आर यू आउट हिअर?" तिनं विचारलं. काकांनी तिलाही तेच सांगितलं. ती शूज काढून आत गेली आणि बसली.

काका उठले. दाराशी गेले. घसा खाकरला.

"आत येऊ का?"

आतून, अगदी काकूंच्या ठेक्यात, मराठीत उत्तर आलं, "पाय पुसून या."

काका कितीतरी वेळ पाय पुसत राहिले.